पोटुशी माय आणि डबेवाल्या काकू

डबेवाल्या काकूंना देवीपुढे हात जोडताना मी कधी पाहिलं नाही. एका हातात तेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात शेंदराची पुडी घेऊन त्या देवळाच्या मागच्या भिंतीशी यायच्या, ओट्यावर चढायच्या आणि देवीशी बोलायला लागायच्या. "का वं माय, झोपली होती का? रातभर मालगाड्या सुरू होत्या. आमी जागलो, मंग तू कावून झोपशील?" बोलता बोलता शेंदूर तेलात कालवायचा, बोटांनी दगडावर चढवायचा, माखलेला हात लुगड्याला नाही तर मागच्या दगडी हत्तीच्या पाठीला पुसायचा आणि परत फिरायचं. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्ही नमस्कार नाही करत?" त्यांनी दोन्ही भरलेले हात माझ्यापुढे धरले. "रिकामे असले तं जोडीन नं."

छत्तीसगढमधल्या भिलाई-3 च्या पलीकडे, रेल्वे लाइनपासून फार लांब नाही, असं ते जुनं दगडी शंकराचं देऊळ. शिखर अर्धवट आहे. ते अर्धवट का राहिलं, याच्या गोष्टी गावात जेवढी तोंडं तेवढ्या. पण भिंती पूर्ण आहेत आणि त्या रिकाम्या कुठेच नाहीत. खाली हत्तींची रांग, त्यावर घोडे, त्यावर माणसं. नाचणाऱ्या बाया, हरणामागे धावणारे शिकारी, रानडुकराच्या अंगात भाला खुपसणारा एक जण, दाढीवाले साधू, वाजंत्री. सगळं शेकडो वर्षांचं, ऊनपाऊस खाऊन काळं पडलेलं. त्या काळ्या रांगेत मागच्या बाजूला, हात पोचेल एवढ्या उंचीवर, एकच आकृती केशरी. नाक नाही, तोंड नाही, हात कुठले ते कळत नाही. चांदीचे दोन डोळे आणि पुढे आलेलं गोल पोट. रेल्वे क्वार्टरांतल्या मराठी बाया तिला पोटुशी माय म्हणत.

मी तिथे कशी गेले ते सांगते. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. बाबा साकोलीकडचे. शेती भावांच्या हवाली करून भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागले आणि कोक ओव्हनच्या, कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांच्या, धगीत त्यांची नोकरी सरली. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये बसून मी बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. पहिली नोकरी लागली ती जुन्या दगडांची साफसफाई करणाऱ्या एका कंत्राटी चमूत. रायपूरचे एक सर, मी आणि जामुलचे दोन मजूर, एवढाच चमू. दगडावर चढलेलं शेवाळ, काजळी, तेल, चुना, असं काय काय असतं, ते दगडाला इजा न करता काढायचं. मी द्रावण तयार करायची, कागदाच्या लगद्याचा लेप लावायची, तो वाळला की बांबूच्या पट्टीने आणि मऊ ब्रशने मळ उतरवायची. आमच्या शेजारणी म्हणायच्या, पोरगी एवढी शिकली अन् दगडं धुते. मी म्हणायची, हो, धुते, पण धुवायला डिग्री लागते.

आमचं दुपारचं जेवण काकूंकडून यायचं. त्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायच्या, नवरा ट्रॅकच्या गँगमधून रिटायर झालेला, आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदार पोरांना त्या डबे द्यायच्या. डबे पोचवायला कोणी ठेवलेलं नव्हतं. स्वतः यायच्या, कारण खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पहिल्याच दिवशी माझ्या पुढ्यात बसल्या.

"सेक्टर?"

"दहा."

"बाप कोणत्या डिपार्टमेंटले?"

"कोक ओव्हन. आता घरीच असतात."

"गाव?"

"साकोलीकडचं."

"मंग आपलीच आहेस. अन् शिकली का?"

"केमिस्ट्री."

"त्यात का करतेत?"

"कशात काय मिसळलंय ते ओळखायचं."

त्यांनी डब्यातल्या रश्श्याची वाटी माझ्या नाकाखाली धरली. पातोडीचा रस्सा होता. मी वास घेतला आणि सांगितलं, लसूण, सुकं खोबरं, खसखस, धणे, थोडं जळलेलं तेल. काकूंनी वाटी खाली ठेवली. "जळलेलं नाई सांगितलं असतं तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पण ठीक आहे. बापाचा पैसा वाया नाई गेला."

जेवू घालताना भांडायचं, ही त्यांची रीत. भात कमी घेतला तर "उद्यापासून चिमणीचा डबा आणते", जास्त घेतला तर "घरी कोणी वाढत नाई का तुले". सर हिंदी बोलणारे, सभ्य गृहस्थ. त्यांना पहिले काही दिवस वाटलं की ही बाई आपल्यावर खरंच चिडलेली आहे. ते प्रत्येक घासाला "बहुत अच्छा है माताजी" म्हणायचे. काकू मला म्हणायच्या, "याले सांग, एकदा बोलला तेवढं बस. जेवता जेवता बोलते अन् मंग ठसका लागते."

पोटुशी मायची गोष्ट त्यांनी मला तिथे ओट्यावर बसूनच सांगितली. त्यांची सासू मुलाच्या नोकरीबरोबर तुमसरपलीकडच्या खेड्यातून इथे आली. भांडीकुंडी आली, पाटा आला, गावची देवी तेवढी आली नाही. "देवीले रेल्वेचा पास नाई भेटत नं," काकू म्हणाल्या. म्हातारीला देवीवाचून करमेना. सगळं परकं, बोली परकी, सणवार वेगळे. ती आजूबाजूची देवळं हिंडली. समोरच्या महादेवाला तिने नमस्कार केला, पण महादेव सगळ्यांचा. मागच्या भिंतीवर तिला ही दिसली. पोट पुढे आलेली, एकटी, कोणी पाहत नसलेली. म्हातारी म्हणाली, ही परदेशात दिवस गेलेली बाई, हिला कोणीतरी पाहिजे. तिनेच पहिला शेंदूर लावला. नवरा गेल्यावर पायातली जोडवी सोनाराकडे नेऊन तिचे डोळे करून आणले. मग ओळीने सगळ्या क्वार्टरांतल्या बाया यायला लागल्या, पुढे सेक्टरांतूनही. आमच्या लोकांतली नवी सून घरात पाऊल टाकायच्या आधी इथे यायची, मायची खणानारळाने ओटी भरायची आणि आपल्यालाही तसंच पोट दे म्हणून मागायची. माझ्या आईनेही भरली होती, हे मला घरी विचारल्यावर कळलं.

काकूंनी स्वतः भरली तेव्हा त्यांना धड लुगडं सावरता येत नव्हतं. मग बरीच वर्षं मूल झालं नाही. सासूने टोचून खाल्लं नाही, हे त्या मुद्दाम सांगायच्या. "बुढी मले काहीच नाई बोलली. रोज येऊन इथं तिलेच शिव्या घालायची. म्हणे, स्वतःचं पोट घेऊन मिरवतेस, अन् माह्या सुनेचं नाई दिसत तुले?" शेवटी मुलगा झाला. त्या दिवसापासून तेल-शेंदूर काकूंकडे आला आणि एकही शनिवार चुकला नाही. तो मुलगा आता रेल्वेतच होता. अक्षय तृतीयेच्या पुढेमागे त्याचं लग्न ठरलेलं, मुलगी गोंदियाची. काकूंच्या बोलण्यात तेव्हा दोनच विषय असत: डब्यात काय, आणि सून ओटी भरायला कोणत्या साडीत आणायची.

आता आमचं काम. मंदिराबाहेर पाटी होती, दगडाला तेल, शेंदूर, रंग लावू नये. पाटी जुनी होती आणि ती कोणी वाचत नव्हतं, चौकीदारसुद्धा. पण साफसफाईच्या नकाशात केशरी आकृतीवर खूण होतीच. मागच्या भिंतीचं काम लागणार म्हणून सरांनी काकूंना नीट समजावून सांगायचं ठरवलं.

"देखिए माताजी, हम नुकसान नहीं कर रहे. सफ़ाई कर रहे हैं. तेल से पत्थर खराब होता है."

काकू त्यांच्या डब्याचं झाकण लावत होत्या. त्यांचं हिंदी त्या वापरायच्या ते भांडायलाच. "साहेब, सफाई करना है तो हमारे क्वार्टर का नाली करो. माय कोई नाली है क्या?"

दुसऱ्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. भातात नव्हतं. टमाटरच्या चटणीत नव्हतं, आणि मीठ नसलेली चटणी म्हणजे काय ते ज्याने खाल्ली त्यालाच कळेल. काकू समोर बसून आमची तोंडं पाहत होत्या. आम्ही ते सगळं संपवलं. त्या गेल्यावर चौकीदार, तिथलाच छत्तीसगढी म्हातारा, हळूच मला म्हणाला, "काकी रिसागे हे, दीदी. तुमन नून घर ले लाहू." रागावली आहे, मीठ घरून आणा. आम्ही आठवडाभर खिशात मीठ नेलं.

मग त्या एका दुपारी मला एकटीला गाठून म्हणाल्या, "लग्न होईपावतर राहू द्या. सून येऊ दे, ओटी भरू दे, मंग काढा का काढाचं ते."

मी सरांना विचारलं. काम लग्नाच्या आधी संपणार होतं आणि संपवून द्यावं लागणार होतं, त्यात बदल सरांच्या हातात नव्हता. मागची भिंत शेवटी घेऊ, आणि भिंतीतही ही आकृती सगळ्यात शेवटी, एवढं ते म्हणाले. मी काकूंना तसंच सांगितलं. गोड करून सांगितलं नाही. मला ते जमत नाही आणि त्यांना ते चाललंही नसतं.

त्यांनी मायकडे पाहिलं. "म्हंजे काढाच लागते."

"काढावाच लागेल. पण काकू, शेंदूर आपण लावलेला आहे. त्याच्या आत ती आहेच. ती कुठे जात नाही. उलट नाक-डोळे दिसतील तिचे. सून आली की पहिल्यांदा तोंड पाहील."

हे मी मनापासून म्हटलं होतं. काकूंना ते पटलं, पटलं म्हणजे त्यांनी ते घेतलं. "हे नाई लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "बुढीनं बी तोंड नाई पाह्यलं तिचं. तिच्या वक्ती बी शेवाळानं झाकेलच होतं, अन् मंग शेंदूर." आणि लगेच अटी घातल्या. निघालेला शेंदूर कचऱ्यात जाणार नाही, तो त्यांच्या हवाली करायचा, त्या शिवनाथ नदीत सोडतील. आणि पुरुषाने हात लावायचा नाही. "पोटुशी बाई आहे. तिच्या आंगावरचं काढाचं तं बाईनंच काढाव. तू काढ. अन् उघड्यावर नाई."

दुसऱ्या दिवशी डब्यात मीठ होतं.

ठरलेल्या सकाळी काकूंनी स्वतःचं हिरवं पातळ आणलं, लग्नातलं, काठ विरलेलं. दोन बांबू रोवून आम्ही त्याचा आडोसा केला. आत मी आणि माय, बाहेर ओट्यावर काकू. सर आणि मजूर समोरच्या बाजूला निघून गेले. सरांनी एवढंच सांगितलं होतं की तपासणीपुरता एक तुकडा ठेव, बाकी माताजींना दे. मी लेप आदल्या दिवशीच लावून ठेवला होता. शेंदूर आणि तेल वर्षानुवर्षं एकावर एक बसलं की त्याचं दगडासारखं कवच होतं, आणि नशीब असेल तर ते खपल्यांनी सुटतं. हे सुटत होतं. मी सुटलेला तुकडा पातळाखालून बाहेर सरकवायची, काकू तो परातीत घेऊन धडप्याने झाकायच्या.

"डोळे निघाले का?"

"निघाले." चांदीचे डोळे मी त्यांच्या हातावर ठेवले. आत पाहिलं तर ते डोळ्यांच्या जागी नव्हतेच. म्हातारीने ते गालांवर बसवले होते. खरे डोळे वर होते, अर्धे झिजलेले, पण मिटलेले. गाण्यात रंगलेल्या माणसाचे असतात तसे.

"कशी आहे वं? गोरी आहे का?"

"दगडाच्या रंगाची आहे, काकू."

"म्हंजे माह्यासारखी."

मग मी पोटाकडे वळले. पोटावर कवच सगळ्यात जाड होतं. मधला मोठा तुकडा सुटला आणि मला आधी वाटलं दगडाला चिरा आहेत. ब्रश फिरवला. चिरा नव्हत्या, दोऱ्या होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या, एकसारख्या. डावीकडे बोटं पसरलेला पंजा होता, उजवीकडे दुसरा. पोट नव्हतंच. कमरेला आडवा बांधलेला मृदंग होता. मी हनुवटीवर ओला बोळा फिरवला, तिथे टोकदार दाढी होती.

बाहेरून काकू म्हणाल्या, "बोलत कावून नाई?"

मला खोटं बोलता आलं असतं. दगड खराब झालाय, काही कळत नाही, असं म्हणता आलं असतं. पण डोळ्यांपुढे जे आहे ते आहे. मी म्हटलं, "काकू, आत या."

त्या पातळ सारून आत आल्या. जवळ गेल्या. काही वेळ मृदंगाकडे पाहिलं, मग दाढीकडे, मग परत मृदंगाकडे. बोट पुढे केलं आणि दोऱ्यांवरून एकदा फिरवलं, टोकापासून टोकापर्यंत.

"हा तं बाप्या आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"वाजवून राहिला."

"हो, काकू."

त्या खाली बसल्या. बाहेर कुठलीतरी गाडी गेली. मग जो प्रश्न विचारला तो मला अजून तसाच आठवतो, कारण त्यात रडणं नव्हतं, राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"मंग माहा पोरगा कोणी देला?"

मी ब्रश खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसले. त्या मान हलवत राहिल्या. "किती बायाईनं ओट्या भरल्या याच्या," त्या म्हणाल्या. "तुह्या मायनं बी. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. अन् हा दाढीवाला गपचूप घेऊन राहिला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बुढी नाई आता, बरं झालं."

उठताना त्यांनी परातीतल्या शेंदराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पोरी, सून यायच्या दिवशी पहाटे एक हात लावून देला तं? पोटावर अन् तोंडावर. सून ओटी भरन, घरी जाईन. कोणाले का समजते?"

"मला समजेल. मी परत काढीन."

"सुनेच्या समोर?"

"समोर नाही. पण काढीन."

"लय कडक आहेस," त्या म्हणाल्या आणि परात उचलून गेल्या. जाताना पातळ न्यायला विसरल्या. मी आडोसा तसाच ठेवला. बाकीचं कवच उतरवलं, दगड पुसला आणि सरांना मागच्या बाजूला बोलावलं ते दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर काम आवरेपर्यंत डबे वेळेवर आले. मीठ बरोबर होतं. काकू मात्र कोणाशी भांडल्या नाहीत आणि मागच्या भिंतीकडे फिरकल्या नाहीत. सरांनी भात कमी घेतला, तरी त्या बोलल्या नाहीत. सर मला म्हणाले, "माताजी की तबीयत ठीक नहीं लगती." शिवनाथवर कवच सोडायला त्या दुर्गला एकट्याच गेल्या. आम्ही आमचं सामान बांधलं, भिंतीपुढे कंबरेएवढी लोखंडी जाळी लागली आणि माझं देवळावरचं रोजचं येणं थांबलं. लग्नाचं बोलावणं होतं.

लग्न गोंदियाला झालं. मी गेले ते दुसऱ्या दिवशी, वरात इथे पोचायच्या आधी, थेट देवळाकडे. मला दोन गोष्टी पाहायच्या होत्या. माझा दगड नीट आहे का, आणि काकू काय करतात. मृदंगवाला नीट होता. कोरडा, स्वच्छ, मिटलेल्या डोळ्यांचा. पहाटे कोणी आलेलं नव्हतं.

मग गाड्या आल्या. क्वार्टरांतल्या बाया होत्या, सेक्टरांतल्या होत्या, माझी आईही होती. बहुतेकींना ठाऊक नव्हतं. मधोमध नवी सून, हातात खणानारळाचं ताट. जाळीपाशी येऊन सगळ्या थांबल्या आणि कुजबुजायला लागल्या. एक म्हातारी मोठ्यानेच म्हणाली, "माय कुठी गेली वं? हा कोण उभा केला इथं?"

काकू पुढे आल्या. त्यांच्या एका हातात पांढरी टोपी होती, दुसऱ्यात दुपट्टा. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसाला देतात तोच मान.

"कोणी कोणाले उभं नाई केलं," त्या म्हणाल्या. "हाच होता. पहिलेपासून. आपणच त्याले लुगडं नेसवलं. पोट नाई ते, मृदंग आहे. नीट पाह्य, दोऱ्या दिसतेत."

मला वाटतं सगळ्याजणी आपापली ओटी आठवत होत्या. माझ्या आईने माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच केलं होतं. तसं पाहिलं तर केलंही होतं.

"इतक्या ओट्या भरल्या आपण बापड्याच्या," काकू पुढे म्हणाल्या, "एक शब्द नाई बोलला. जिनं तिनं जे मांगलं ते ऐकून घेतलं. लग्नात वाजवणाऱ्याले आधी बयाना द्या लागते. हा आपल्या सगळ्याईच्या लग्नात फुकटात वाजवून राहिला."

तेव्हा ती म्हातारी हसली. मग सगळ्या हसल्या, आई सोडून. ती घरी आल्यावर हसली.

सून मात्र ताट धरून तशीच उभी होती. तिला सांगितलं होतं की देवीची ओटी भरायची, आणि समोर दाढीवाला होता. "आई, मंग हे कोणाले?" तिने विचारलं. काकूंनी टोपी आणि दुपट्टा मला धरायला दिले, सुनेच्या हातातलं ताट घेतलं आणि तिथेच जाळीपाशी, मृदंगवाल्यासमोर, सुनेचीच ओटी भरली. खण, नारळ, मूठ-मूठ तांदूळ. "माय मांगायले दूर जा नको," त्या म्हणाल्या. "तुही माय मी आहो. होईल तं होईल, नाई होईल तं मी इथं येऊन याच्यासंगं भांडीन. माही सासू भांडे तशी."

मग टोपी आणि दुपट्टा माझ्याकडून घेतले. दगडाला हात लावायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दुपट्टा घडी करून जाळीच्या गजावर टाकला, त्यावर टोपी ठेवली. आणि तशाच उभ्या राहिल्या. वाटी नव्हती, पुडी नव्हती, ताट सुनेकडे गेलं होतं. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी ते पदराला पुसले, जरी पुसण्यासारखं काही नव्हतं. शेवटी जोडले.

बाया गाड्यांकडे निघाल्यावर मी पिशवीतून हिरवं पातळ काढलं. धुऊन, इस्त्री करून आणलं होतं. काकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"तुह्याजवळच राहू दे. आणखी कोणाकोणाले उघडं करशील, तवा कामी पडन."

काकू आता नाहीत. त्यांच्या पश्चात मुलगा-सून बदली होऊन दूर गेले; त्यांना मुलगी आहे, असं आईने सांगितलं. मृदंगवाल्याच्या जाळीवर लग्नसराईत एखादा दुपट्टा दिसतो, चौकीदार तो संध्याकाळी काढून ठेवतो. मी अजून याच कामात आहे, आता पक्की. वेगवेगळ्या गावांत जाते, वेगवेगळ्या देवळांवर. शेंदराखाली झाकलेली मूर्ती आली की मी आधी दोन बांबू रोवते आणि ते पातळ लावते. नवीन आलेली पोरं विचारतात, मॅडम, दगडाला पडदा कशाला. मी त्यांना सांगते, आत कोण आहे ते आपल्याला अजून माहीत नाही. आणि बाहेर ओट्यावर कोणी बसलेलं आहे का, ते आधी बघून या.